डबीतले चौकटी कंस

आमच्या लॅबमधल्या बावीस कीबोर्डांवरची दोन-दोन बटणं गायब होती. डेडस्टॉक, म्हणजे लॅबच्या सामानाची यादी, तपासायला आलेले ऑफिसातले बाबू मला विचारतात, "मॅडम, उंदरानं नेली काय?" मी तेव्हा नुकतीच प्रभारी विभागप्रमुख झालेली. मला काय माहीत? पण उंदीर असता तर त्यानं निवडून एकाच जातीची बटणं कशाला नेली असती? प्रत्येक कीबोर्डवरून फक्त चौकटी कंस उघडायचं आणि चौकटी कंस बंद करायचं बटण गेलेलं. बाकी सगळं जागच्या जागी.

बटणं आमच्या विभागातल्या एका सरांच्या खिशात होती. सुपारीची एक रिकामी डबी होती त्यांची, ॲल्युमिनियमची. त्यांनी ती माझ्या टेबलावर उपडी केली आणि म्हणाले, "चव्वेचाळीस हायेत. मोजून घ्या." म्हणजे चोरी यांनी करायची आणि मोजदाद मी करायची. मी मोजली. चव्वेचाळीस होती. त्यांनी ती पुन्हा डबीत भरली, डबी खिशात टाकली आणि तासावर निघून गेले. बाबूंना मी सांगितलं, दुरुस्तीला दिली आहेत.

अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना आमचं कॉलेज लागतं. सर तिथे अकरा वर्षांपासून सी भाषा शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर घेतला, वर्ष संपलं की ऑर्डर संपली, जुलैत पुन्हा नवी. राहायचे अकोल्याला. रोज सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून ऑटोनं कॉलेज, आणि चार चाळीसच्या गाडीनं परत. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. पण कागदावर मी त्यांची प्रमुख. या एका गोष्टीनं माझ्या डोक्याला जो ताप झाला, तो अख्ख्या विभागानं मिळून कधी दिला नाही.

आता हे कंसांचं प्रकरण काय ते सांगते, नाहीतर कुणाला वाटेल माणूस वेडा होता. सी भाषेत आकड्यांचा तक्ता करता येतो, आडव्या रांगा आणि प्रत्येक रांगेत काही जागा. पोरं त्याला टू-डी ॲरे म्हणतात. त्यातला एखादा आकडा काढायचा तर सरळ रस्ता आहे. तक्त्याच्या नावापुढे दोन चौकटी कंस टाका, एकात रांगेचा नंबर, दुसऱ्यात जागेचा, a[1][2]. आकडा हातात. सगळं जग असंच लिहितं. सरांना ते खपायचं नाही. कंसांना ते कुबड्या म्हणायचे.

"कंस लावला का पोट्टं पाहणं सोडते," ते म्हणायचे. "आकडा राहते कुठी, तिथवर जाते कसं, काहीच पाहत नाही. पायानं जाऊ द्या त्यायले."

पायानं म्हणजे खरोखरच पायानं. वर्गात पोरांना रांगेनं बसवायचं, प्रत्येकाच्या हातात आकड्याची चिठ्ठी. एकाला उभं करायचं, तो पॉइंटर, म्हणजे जागेचा पत्ता सांगणारा. फळ्यावर लिहायचं *(*(a+1)+2) आणि त्याला चालवायचं. a म्हणजे तक्त्याचं तोंड, तिथे उभं राहा. एक मिळवला की मोठं पाऊल, अख्खी रांग ओलांडली. तारा, म्हणजे ही * खूण, लावला की त्या रांगेत शिरलास. आता दोन मिळवले की दोन लहान पावलं, दोन खुर्च्या. पुन्हा तारा, म्हणजे त्या खुर्चीवरच्या हातातली चिठ्ठी वाच. मोठं पाऊल, आत, लहान पाऊल, आत. समजलं तर पाच मिनिटांचं काम. सर त्याला तीन आठवडे लावायचे. इतर विभागांचे अभ्यासक्रम संपत आलेले आणि आमची पोरं वर्गात चालून राहिलेली.

"सर, तक्ता जाहीर करतानी तरी कंस लागतातच ना?" मी एकदा विचारलं. वाटलं, पकडलं.

"लागतात न. तवा मी बटण देतो."

खरंच द्यायचे. पोरगं हात वर करायचं, सर जाऊन डबीतून दोन बटणं काढून त्याच्या कीबोर्डला बसवायचे, एक ओळ टाइप होईपर्यंत शेजारी उभे राहायचे आणि बटणं काढून पुढच्याकडे. बावीस मशीन. माझ्या केबिनच्या काचेतून हे दिसायचं आणि मी कपाळाला हात लावून बसायची.

एक वर्ष तर त्यांनी माझा जीवच खाल्ला. अंतर्गत परीक्षेचे गुण भरून दिले, त्यात दोन पोरींच्या गुणांची अदलाबदल. एक नेहमी पहिली येणारी, तिला सात. दुसरी कशीबशी पास होणारी, तिला अठरा. पहिली माझ्या केबिनमध्ये येऊन रडायला लागली. चौकशी केली तर त्या दिवशी दोघींनी जागा बदलल्या होत्या, आणि सरांनी पेपर गोळा करताना नाव पाहिलंच नव्हतं. दुसरी रांग, पहिली खुर्ची, असं लिहून गुण दिले.

मी म्हणाले, "सर, नावं आहेत ना पेपरावर."

"नाव कोनीबी टाकते, मॅडम. मी किंमत जागेवरची वाचतो."

"आणि ती रडून राहिली त्याचं काय?"

तेव्हा मात्र ते थांबले. लगेच उठले, दोघींना बोलावलं, माझ्यासमोर त्या पोरीला म्हणाले, "बाई, चूक माही हाये. तू काहून रडतं? रडाव त मी." आणि माझ्याच पेनानं गुणपत्रिका दुरुस्त करून सही ठोकली. चूक कबूल करायला त्यांना एक सेकंद लागायचा नाही. चूक नसेल तर मात्र देव आला तरी हलायचे नाहीत, आणि खरी पंचाईत तीच होती.

आमच्या एका सहकाऱ्यानं बाळापूरजवळच्या त्याच्या गावी मारोतीच्या देवळात रोडग्याचं जेवण ठेवलं होतं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, पातळ वरण. अख्खा विभाग गेला. पंगतीच्या पाच लांब रांगा बसल्या. वाढपी वरणाची बादली घेऊन एक रांग वाढत गेला, टोकाला पोचला आणि तिथूनच वळून दुसरी रांग उलट्या दिशेनं वाढायला लागला. सगळे वाढपी असंच करतात. सरांनी पत्रावळीवरून हात वर केला.

"अबे भाऊ, उलटा काहून फिरून राहिला? पहिल्या टोकाकून ये."

वाढपी म्हणाला, "काका, वरण गरम हाये. चालायले लावू नका."

"अरे पण रांग संपली का पुढच्या रांगेच्या तोंडी जायचं. मेमरी अशी उलटी नसते फिरत."

"कोन मेमरी?" वाढपी म्हणाला आणि त्यांच्या रोडग्यावर वरण ओतून पुढे गेला.

मग सरांनी तिथेच, जेवता-जेवता, शेजारी बसलेल्या मेकॅनिकलच्या प्राध्यापकांना समजावलं की यंत्राच्या पोटात रांगा नसतातच. तिथे एकच लांब पंगत असते, एकापुढे एक. चारची रांग म्हटलं की दर चार पानांनंतर आपणच मनात रेघ ओढतो. म्हणून रांगेत किती पानं, हे माहीत नसेल तर दुसरी रांग कुठे सुरू झाली हे कुणाला सांगता येणार नाही. मेकॅनिकलचे प्राध्यापक मान हलवत वांग्याची भाजी संपवत होते. मी सरांना डोळ्यांनी खुणावत होते की पुरे करा. पण खोटं कशाला बोलू, पाच वर्षं हे शिकवून मला स्वतःला तो मुद्दा असा स्वच्छ कधी कळला नव्हता. तो त्या देवळाच्या आवारात कळला, आणि त्याचाही मला रागच आला.

एक मुलगा होता, दोनदा नापास. सगळ्यांनी त्याचा नाद सोडलेला. सरांनी त्याला सलग दोन दिवस तासानंतर बसवलं. चार चाळीसची गाडी गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. मला लॅबला कुलूप लावायचं होतं, शिपाईकाका दारात चाव्या खुळखुळवत उभे. आत पाहिलं तर सर स्वतः खुर्च्यांमधून चालत होते आणि पोरगं बसल्या जागेवरून हुकूम सोडत होतं. "सर, एक मोठं पाऊल. आत. तीन लहान. चिठ्ठी वाचा." सर चिठ्ठी वाचायचे आणि म्हणायचे, "मंग? तुले येते न लेका." मी कुलूप लावायला आले होते ते विसरून दारात उभी राहिले. तो मुलगा पास झाला. सर दोन दिवस बसस्टँडवरून उभ्यानं अकोल्याला गेले.

हे सगळं ठीक होतं. रागवायचं, हसायचं, सांभाळून घ्यायचं. पण त्या वर्षी तपासणी समिती येणार होती, आणि प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की समितीचा शेरा चांगला आला तर आपल्या विभागात एक नियमित जागा भरता येईल. ती सरांनाच द्यायची असं ठरलं आहे. समितीला त्यांचाच तास दाखवा. पण मॅडम, त्या दिवशी तमाशा नको.

ही बातमी सरांच्या घरी माझ्याआधी पोचली होती. त्यांच्या बायकोचा फोन आला. मी त्यांना एकदाच भेटले होते.

"मॅडम, यंदा तरी ऑर्डर निघन न? अकरा वर्स झाले. दर जुलैले यायचा जीव टांगलेला राहते, दाखवत नाहीत तेवढं."

"निघेल वहिनी. फक्त त्या दिवशी त्यांनी जरा सरळ वागावं."

"मी सांगतो त्यायले. तुमीबी सांगा. एक दिवस त हो म्हना म्हनावं."

मी सरांना केबिनमध्ये बसवलं आणि सगळं पढवलं. स्लाइड दाखवायची. चौकटी कंस वापरायचे. कुणाला चालवायचं नाही. समितीतल्या कुणी काही सुचवलं, पटो न पटो, 'हो साहेब' म्हणायचं आणि पुढे जायचं.

"पटो न पटो?"

"सर, एक दिवस."

त्यांनी थोडा वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो साहेब." पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "हो साहेब." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा दोघांनाही हसू आलं. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी लॅबमध्ये गेले तर सर डबी उघडून बसलेले. चव्वेचाळीस बटणं एकेक करून जागेवर बसवत होते, फडक्यानं पुसून. मला वाटलं, निभलं.

समितीत तिघं होते. त्यातले एक आमच्या विषयाचे तज्ज्ञ, मोठ्या पदावरून आलेले, बोलायला गोड. वर्गात वीस पोरं, पाच रांगांत चार-चार. सरांनी स्लाइड लावली. तक्ता, कंस, रांगेचा नंबर, जागेचा नंबर. पहिली दहा-बारा मिनिटं मी मागे उभी राहून मनात मारोतीला नारळ कबूल करत होते. इतका सपक तास सरांनी आयुष्यात घेतला नसेल. तज्ज्ञ मान डोलावत होते.

मग पुढे बसलेल्या एका पोरीनं विचारलं, "सर, हाच अख्खा तक्ता पॉइंटरमध्ये ठेवायचा असेल तर पॉइंटर कसा जाहीर करायचा?" तिचं काय चुकलं? तिला सरांनीच तीन आठवडे चालवलेलं. सर उत्तर देणार तेवढ्यात तज्ज्ञ उठले. मीच सांगतो म्हणाले. फळ्यावर त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, int **p = a; आणि पोरांकडे वळून म्हणाले, "सोपं लक्षात ठेवा. दोन मिती, म्हणून दोन तारे."

हे चूक आहे. दिसायला मात्र इतकं बरोबर दिसतं की निम्म्या महाराष्ट्रानं ते असंच पाठ केलं असेल. मला तेव्हाही माहीत होतं की हे चूक आहे. मी सरांकडे पाहिलं. सर फळ्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलले. मला शपथेवर वाटतं, ते 'हो साहेब' म्हणायचा प्रयत्न करत होते.

"हो सा..." ते म्हणाले आणि थांबले. पोरांकडे पाहिलं. वीसच्या वीस पोरं वहीत तीच ओळ उतरवून घेत होती.

"लिवू नका," सर म्हणाले. मग तज्ज्ञांना, अगदी नम्रपणे, "साहेब, जरा चालून पाहता काय?"

झालं. मी डोळे मिटले.

त्यांनी पोरांना खिशातल्या चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठ्या खिशात होत्याच, मेलं त्यांचं लक्षण. खुर्च्यांना नंबर दिले, शून्यापासून एकोणिसापर्यंत. तज्ज्ञांना पहिल्या खुर्चीपाशी उभं केलं. ते बिचारे कौतुकानं उभे राहिले, त्यांना वाटलं काही उपक्रम असेल.

"साहेब, तुमी दोन तारे देले. दोन ताऱ्याचा पॉइंटर काय समजते? का या जागेवर आकडा नाही, दुसऱ्या जागेचा पत्ता लिवला हाये. पहिले तो पत्ता वाचा, मंग तिथं जा, मंग आकडा घ्या. बरोबर?"

"बरोबर," तज्ज्ञ म्हणाले.

"वाचा पत्ता."

तज्ज्ञांनी पहिल्या पोरीच्या हातातली चिठ्ठी वाचली. "पस्तीस."

"तो तिचा आकडा हाये साहेब, मार्क समजा. इथं पत्ते कोनाजवळच नाहीत, सगळ्यायजवळ आकडेच हायेत. पण तुमचा पॉइंटर त्याले पत्ताच समजन. त जा आता, पस्तीस नंबरच्या खुर्चीवर."

खुर्च्या एकोणीसलाच संपल्या होत्या. सरांनी भिंतीकडे बोट करून मोजायला सुरुवात केली. "रांगाबी शून्यापासून मोजा. पाचवी रांग भिंतीत गेली. सहावी गॅलरीत. सातवी जिन्यावर. आठव्या रांगेची शेवटची खुर्ची, म्हंजे पस्तीस..." त्यांनी खरोखर हिशेब केला होता की तोंडाला येईल ते बोलले, देव जाणे. "म्हंजे प्राचार्य साहेबायच्या केबिनचं बाथरूम."

पोरं हसली. एवढी हसली की शेजारच्या वर्गातून कुणी डोकावलं. सर हसले नाहीत. त्यांना त्यात विनोद दिसलाच नव्हता. ते पुढे सांगत होते की पॉइंटरला रांगेची रुंदी सांगावी लागते, चारची रांग आहे हे कळलं तरच त्याला मोठं पाऊल टाकता येतं, आणि फळ्यावर ते लिहूनही झालं, int (*p)[4] = a; बघा साहेब, एवढंच. प्राचार्य दारात उभे होते. तज्ज्ञांचा चेहरा लाल झाला होता.

तज्ज्ञ माझ्याकडे वळले. आवाज गोडच होता. "मॅडम, तुम्ही विभागप्रमुख आहात. तुम्ही सांगा. मी लिहिलेलं चूक आहे?"

मला आजही तो फळा दिसतो, दोन ओळी, एक सुरेख अक्षरातली, एक सरांच्या फेंगड्या अक्षरातली. मी म्हणाले, "नाही साहेब. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत."

मी हे त्यांच्यासाठीच केलं असं मी स्वतःला सांगितलं. प्रकरण मिटेल, साहेब शांत होतील, ऑर्डर निघेल. रांगेरांगेनं फिरून सरांनी चिठ्ठ्या परत गोळा केल्या. प्रश्न विचारणारी ती पोरगी चिठ्ठी देताना माझ्याकडे पाहत होती.

ऑर्डर निघाली नाही. नियमित जागेची नाही, जुलैची तर नाहीच. प्राचार्यांनी मला विचारलंही नाही. विभागाला शेरा मात्र चांगला मिळाला. सर लॅबच्या चाव्या द्यायला आले तेव्हा मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शिपाईकाका बाहेर गेले. एक शब्द, सर. एक 'हो साहेब'. अकरा वर्षं गेली, वहिनींना काय सांगायचं मी? तुम्हाला काय वाटलं, तो माणूस तुमचे आभार मानेल?

सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "लिवून घेत होते न पोट्टे." मग चाव्या टेबलावर ठेवत, "नवं मॅन्युअल कोन करून राहिलं?"

"मी."

"मंग काही भेव नाही," ते म्हणाले आणि गेले.

मॅन्युअल म्हणजे प्रयोगांची छापील वही. पोरं त्यातला प्रोग्राम बघून टाइप करतात आणि आलेलं उत्तर उतरवतात. समितीच्या शिफारशींत एक ओळ होती, पॉइंटरचं प्रकरण सोपं करावं. प्राचार्य म्हणाले, त्या तज्ज्ञ साहेबांचीच ओळ घाला, त्यांना प्रत पाठवायची आहे. मी प्राचार्यांना म्हणाले, सर, ती ओळ... ते म्हणाले, मॅडम, तुम्हीच वर्गात सांगितलंत ना, प्रचलित आहे म्हणून. पान सदतीस. प्रत्येक प्रयोगाच्या खाली तयार करणाराचं नाव आणि सही असते. तिथे माझी आहे. पुढच्या आवृत्तीत बदलू असं मी ठरवलं. पुढच्या आवृत्तीत पुन्हा ठरवलं.

तुम्ही म्हणाल, पाच वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आमच्याकडे कसं येणार? जुन्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ती ओळ पिवळी सूचना देऊन चालायची आणि उत्तर म्हणून काहीतरी भलतंच छापायची, नाहीतर बंद पडायची. पोरं मशीनकडे बघतच नाहीत. मागच्या वर्षीच्या पोरांच्या फायली घेतात आणि उत्तर उतरवून टाकतात. पहिल्या वर्षी कुणी तरी हातानं बरोबर उत्तर लिहिलं असेल, तेच पाच वर्षं फिरत राहिलं. आणि मी ते तपासून सही करत राहिले.

या वर्षी लॅबमध्ये नवीन मशीन आली, नवा कंपायलर आला. तो सूचना-बिचना देत नाही, ती ओळ सरळ नाकारतो. गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला बार्शीटाकळीची एक मुलगी, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, कुणी सीनियर ओळखीचा नाही म्हणून फाइल नाही, ती मॅन्युअल घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, मी जसंच्या तसं टाकलं. चारदा टाकलं. घेऊनच नाही राहिलं."

मी नेहमीचं सांगणार होते, कंपायलर नवीन आहे, उत्तर मित्रांकडून बघून घे. तेवढ्यात तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "माह्यावालं चाललं मॅडम. माह्या मॅन्युअलमध्ये दुरुस्त केलेलं हाये." त्यानं पान सदतीस पुढे केलं.

दोन ताऱ्यांवर बारीक काट मारलेली आणि वर लिहिलेलं, (*p)[4]. पेन्सिलीनं. अक्षर इतकं पुसट की वही उजेडात तिरपी धरावी लागली. ते फेंगडं अक्षर मला ओळखायला वेळ लागला नाही.

"कुणी करून दिलं?"

"अकोल्याले सर हायेत न, घरी शिकवतात. आमच्या कॉलेजचे जेवढे पोट्टे जातात, सगळ्यायचं पहिल्याच दिवशी ते एवढं पान मागून घेतात."

"किती वर्षांपासून?"

"माह्या दादाचंबी केलं होतं. तो तीन वर्सं पुढं होता."

"मग पेननं का नाही करत? वाचता तरी येईल."

मुलगा जरा ओशाळला. सांगू की नको असं त्याला झालं. "मी इचारलं होतं मॅडम. ते म्हणे, खाली मॅडमची सही हाये. पेनानं नको, बरं नाही दिसत."

काय करावं या माणसाचं? ज्या एका शब्दानं त्यांची ऑर्डर निघाली असती तो त्यांच्या तोंडून निघाला नाही. आणि माझी लाज राखायला हा माणूस अकोल्यात बसून, दरवर्षी, एकेक वही मागून, पेन्सिलीनं लिहितो. माझं डोकं फिरलं. त्यांच्यावर फिरलं की माझ्यावर, ते त्या वेळी कळलं नाही. ती मुलगी मॅन्युअल हातात धरून उभीच होती, मी काय सांगते त्याची वाट बघत.

मी खुर्चीवरून उठले आणि फळ्यापाशी गेले. आधी चुकीची ओळ लिहिली, तिच्यावर काट मारली, खाली सरांची ओळ लिहिली आणि सांगितलं की ही ओळ माझ्या सहीनं छापली गेली, चूक आहे हे मला छापतानाही माहीत होतं. काही पोरांनी पेन्सिली काढल्या.

"पेन्सिल नको," मी म्हणाले. "पान सदतीस उघडा, आणि लाल पेन घ्या सगळ्यांनी."